बिनचुलीचे नाना

नाना कोनाला काही चाखायला द्यायचे तर आधी चूळ भरायला लावायचे.

"चूळ भर बे. तुझ्या तोंडात चहा हाय. चहाच्या तोंडाला काही कळत न्हाई."

टँकर चौथ्या दिवशी यायचा आन् हा मानूस चूळ भरायला पानी द्यायचा. पन मोजून. गडव्यातून दोन घोट. आन् ती चूळ अंगनात थुंकायची न्हाई, दाराजवळच्या कडीपत्त्याच्या बुडाशी टाकायची. मंग नाना माझ्या तळहातावर काहीतरी ठेवायचे. कधी तपकिरी, कधी हिरवं, एकदा तर निळसर. स्वतः डोळे मिटून एक तुकडा तोंडात टाकायचे आन् डोळे मिटूनच मला म्हनायचे, "खा. आन् तोंडावर काही दाखवू नको. तू तोंडावर दाखवलंस की नाटक असतंय."

माझं तोंड म्हनजे गावाची करमनूक होती, म्हनून ते असं म्हनायचे. मी नकला करतो. चेअरमनचं खाकरनं, हेडमास्तरचं प्रार्थनेत पेंगनं, टँकरवाल्याचं बायांशी भांडनं, कंडक्टरचं 'आत सरका, आत लई जागा हाय'. गावातला एक मानूस मी सोडला न्हाई. डी.एड. झालं, नोकरी न्हाई, सकाळी दूध संस्थेत फॅटच्या मशीनवर बसायचं आन् संध्याकाळी कट्ट्यावर लोकांना हसवायचं, हाच माझा धंदा. मी एकदा विचारलं, "नाना, अख्ख्या गावात चव बघायला मीच कावून?"

"नकला करनाराची जीभ तयार असती," नाना म्हनले. "आन् दुसरं कोनी येत न्हाई."

आमचं गाव नांदूरघाटापासून आत. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला खाली जातं आन् पाडव्याच्या आसपास वापस येतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे पंधरा-वीस कोयते मिळून एक टोळी, आन् टोळीवर एक मुकादम. नाना बावीस वर्षं मुकादम होते. मानूस उंच, मिशा पांढऱ्या पन कडक, पांढरा फेटा. चालताना हात मागं बांधलेले, जसं काही पुढं कायम कोनीतरी काम करतंय आन् हे बघतायत. आमच्या आन् त्यांच्या घरात एकच भिंत. माझी आई सुभद्रा तेरा वर्षं त्यांच्याच टोळीत होती. कंबर गेली तवा थांबली. मला तिनं कधी उसाच्या फडावर नेलं न्हाई. मावशीकडं ठेवून शाळा शिकवली.

नाना बिनचुलीचे कसे झाले ते मला त्यांनीच सांगितलं, आन् सांगताना हातातलं घड्याळ काढून पुढं ठेवलं, पुरावा दिल्यासारखं.

काकू, म्हनजे नानाची बायको, गेल्या तवा नाना साठीच्या पुढं होते. पोरगा पुन्याला, म्हनला तिकडं या. नाना गेले न्हाईत. तेराव्याचे पाव्हने गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी नाना जन्मात पहिल्यांदा चुलीपुढं बसले. पीठ मळलं, सैल झालं. पुन्हा पीठ घातलं, घट्ट झालं. लाकडं ओली. धुरानं डोळे गेले. पहिली भाकर तव्याला चिकटली, दुसरी मधून फाटली.

"नऊ भाकरी थापल्या," नाना म्हनले. "किती वेळ लागला असंल?"

"एक तास?"

"दोन तास दहा मिनिटं." घड्याळावर बोट ठेवलं. "मी फडावर बायांना भाकरीला पाऊन तास द्यायचो."

बोट तिथंच राहिलं. मी तवा मनात त्यांच्या बसन्याची नक्कल पाठ करत होतो. पाठ वाकलेली, बोट घड्याळावर. चांगली होती ती पोझ.

त्या दिवसापासून नानांनी चूल मोडली. पोरानं गॅस आनून दिलता, तो सिलेंडर पडवीत ठेवला आन् त्याच्यावर बसून चपला घालायला लागले. त्यांचं डोकं एकाच गोष्टीवर चालायचं. बाईमानसाला विस्तव न पेटवता दिवसभराचं खानं डब्यात कसं भरता येईल? आदल्या दिवशीचं तयार असलं पाहिजे, चार महिने टिकलं पाहिजे, आन् सकाळी फक्त उचलून पदरात बांधलं पाहिजे. त्यात दूध न्हाई, दही न्हाई, तूप न्हाई.

"दुधानं काय बिघडवलं तुमचं?" मी विचारलं. शेवटी मी दूध संस्थेचा मानूस.

"फडावर म्हैस हाय का तुझी? जे तिथं मिळत न्हाई ते मी इथं खात न्हाई."

असा हा कच्च्याचा कारखाना सुरू झाला. नानाचं सैपाकघर म्हनजे माझ्यासाठी फुकटचा तमाशा. मटकीला मोड आनायला ओलं फडकं लागतं, तर नानांनी आपला मुकादमाचा फेटा टराटरा फाडला. आठ-दहा तुकडे झाले. खुंटीखुंटीला त्या फेट्याच्या पुरचुंड्या लटकायच्या, आन् त्यातनं पांढरे मोड बाहेर आलेले. भिजवलेलं पानी फेकायचं न्हाई, त्याच्यात दुसऱ्या दिवशीचे शेंगदाने भिजवायचे. मी म्हनायचो, "नाना, हे पानी आता निवृत्त करा." नाना म्हनायचे, "तुझ्यापेक्षा जास्त काम करतंय ते."

पहिली बाजरीची भाकर उन्हात वाळवली ती मुंग्यांनी नेली. दुसरी कौलासारखी झाली. मी ती दगडावर आपटली, दगडाचा टवका निघाला, असं मी कट्ट्यावर सांगितलं, पन खरं म्हनजे भाकरच मोडली. तिसऱ्यांदा ज्वारीला मोड आनून वाटली. दोघांनी खाल्ली आन् दोघांचं डोकं गरगरायला लागलं. आईला कळलं तवा ती भिंतीवरून ओरडली, "अहो, जनावरानं कोवळी ज्वारी खाल्ली की जागेवर आडवं होतं, हे तुमाला ठाऊक न्हाई? बावीस वर्षं बैलगाड्यांबरोबर हिंडलात ना! आन् आता मानसाला चारताय?"

नाना भिंतीपाशी गेले. खाली मान घालून म्हनले, "चुकलं सुभद्राबाई. ध्यानातच आलं न्हाई."

मला हसू आलं. नाना कोनापुढं खाली मान घालतायत हे मी पहिल्यांदाच बघत होतो. 'सुभद्राबाई' ह्या शब्दाचं मला तवा काही वाटलं न्हाई. फडावर ते तिला कसं हाक मारायचे ते मला कुठं माहीत होतं.

भाकरीची गाठ शेवटी आईनंच सोडवली. "जवस भिजवून बघा," ती म्हनली. जवस भिजवला की त्याला चिकट तार सुटती. मी म्हनलो, नाना ह्याला सर्दी झाली. पन त्या तारेनं मोडाची बाजरी, मटकी, कांदा, मिरची असं सगळं एकमेकाला धरून बसलं. नानांनी ते पातळ पसरलं, दोन दिवस पत्र्यावर ठेवलं. त्या वर्षीचं ऊन असं की पत्र्यावर चिमनी बसत नव्हती. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी गेलता. वाळल्यावर काय निघालं म्हनता! पापडासारखं पातळ, पन पोटाला भाकरीसारखं जड. कारळाच्या चटनीबरोबर मी तीन खाल्ले. तोंडावर काही दाखवलं न्हाई. नानांनी डोळे उघडले आन् माझ्या हातातला चौथा बघून म्हनले, "आता तोंड लपवलंस तरी हात बोलतोय."

शेंगदान्याच्या दुधाचं दही हा तर त्यांचा सगळ्यात मोठा डाव. शेंगदाने वाटून, गाळून, त्यात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून ठेवायचे. लागतं बरं का दही! नाना एका सकाळी ते दूध घेऊन माझ्याकडं संस्थेत आले. दुष्काळानं संस्थेचं दूध एवढं आटलतं की मोठा कूलर बंद होता, मी माशा मारत बसलतो.

"मशीनला लाव."

"नाना, शेंगदान्याला कुठं फॅट लागती?"

"लाव म्हनतो ना बे."

लावलं. मशीननं आमच्या गावातल्या कोनत्याच म्हशीनं कधी दिला न्हाई असा आकडा दाखवला. तेवढ्यात चेअरमन आले. नानांनी काही न बोलता दह्याची वाटी पुढं केली. चेअरमननं अर्धी वाटी संपवली, मिशी पुसली आन् म्हनले, "वा! कोनाच्या म्हशीचं?" नाना गंभीरपनं म्हनले, "पत्र्यामागं वाळत घातली हाय ती म्हैस." चेअरमनला कळलं तवा ते हसले, पन अर्ध्या तोंडानं. दूध संस्थेच्या चेअरमननं संस्थेत बसून शेंगदान्याच्या दह्याला वा म्हनावं! मी ती गोष्ट गावभर सांगितली, वाटीसकट, मिशीसकट. चेअरमनला ती लागली असनार. पुढं काय झालं त्यात ह्याचाबी वाटा असंल. पन माझा जास्त.

नानाला आता जागा पाहिजे होती. घरच्या पत्र्यावर एकट्यापुरतं वाळायचं. एका टोळीचं चार महिन्यांचं करायचं तर मोठा स्लॅब पाहिजे, आन् गावात तसा स्लॅब एकच, दूध संस्थेचा. नानांनी अर्ज लिहिला. मीच लिहून दिला, अक्षर माझं चांगलं हाय. टोळ्या निघायच्या आधी दोन महिने छत वापरायला द्यावं, एवढंच.

टोळीबी ठरलती. मुक्ता म्हनून एक बाई हाय आमच्याकडं, तोंडानं लई फटकळ, हातानं त्याहून चपळ. बाकीच्या बाया तिचं ऐकतात. तिनं नानाच्या पडवीत सिलेंडरवर बसून दोन पापड खाल्ले आन् म्हनली, "नाना, हे चालंल. सकाळची चूल सुटली तर मी तुमच्या नावानं दिवा लावीन."

"दिवा नको," नाना म्हनले. "झोप."

"आँ?"

"तेवढा वेळ झोप म्हनतो. दुसरं काही करू नको. झोप."

मुक्ता हसली न्हाई. आठ जनी तयार झाल्या. फक्त एक सीझन बघू, म्हनल्या. मी नानाला तेवढं खूश पुन्हा कधी बघितलं न्हाई. हात मागं बांधायचे ते विसरले होते, पुढंच हलत होते.

संस्थेची वार्षिक सभा अंगनात मांडवाखाली. कोरम भरंना. लोक निम्मे सावलीला, निम्मे टँकरच्या रांगेत. चेअरमन माईकवर म्हनले, "कोरम भरोस्तर आपला नकलाकार थोडं काही करंल." टाळ्या. मी उठलो. मागं आठ बाया बसलत्या, मुक्ता मधी. नाना पहिल्या ओळीत, अर्ज खिशात, नवीन टोपी. फेटा तर फाटलता. आई कडंला, खांबाला टेकून.

मी आधी हेडमास्तर केला. मंग कंडक्टर. लोक हसले, पन नेहमीचं हसू. मला जास्त पाहिजे होतं. मला आतून ठाऊक होतं जास्त कुठं हाय.

मी मांडववाल्याचा टॉवेल डोक्याला गुंडाळला, चहावाल्याची जर्मनची ताटली आन् डाव घेतला, आन् मिशा वर केल्या. मिशा नव्हत्या, पन लोकांना दिसल्या. तीन बारके ठोके, एक मोठा. टिन टिन टिन टण्ण!

"उठा गं बायांनो! ऊस काय तुमचा भाऊ हाय का, वाट बघत बसायला?"

हे मला आईनं शिकवलतं. शिकवलं म्हनजे, दहावीला असताना ती मला असंच उठवायची. ताट वाजवायची, हेच म्हनायची आन् वर सांगायची, 'नाना असंच उठवायचे.' मला वाटायचं आई गंमत करती.

लोक हलले. जुनी मानसं एकमेकाकडं बघायला लागली. 'हुबेहूब!' कोनीतरी ओरडलं. मंग मी थांबतोय कुठं!

"उठा! पन चूल पेटवायची न्हाई! ही घ्या कच्ची बाजरी. चावा! दात पडला? टाकू नका, पानी मोजून घ्या, दात भिजत घाला, परवापर्यंत त्यालाबी मोड येतील!"

मांडव पडतोय की काय असं हसू. चेअरमनच्या डोळ्यांतून पानी. टँकरची रांग मोडून लोक आत आले. कोरम भरला. त्या दिवशी कोरम माझ्यामुळं भरला, हे चेअरमननं माईकवर सांगितलं.

नानाचा विषय शेवटी निघाला. नाना उभे राहिले, अर्ज उघडला, आन् मागनं कोनीतरी डावानं ताटली वाजवली. टिन टिन टिन टण्ण. पुन्हा हसू. चेअरमन हसू दाबत म्हनले, "नाना, पुढच्या सभेत बघू. दातांचा बंदोबस्त करून या." नानांनी अर्ज घडी घातला, घडीवर नख फिरवलं, खिशात ठेवला आन् खाली बसले. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते माझ्याकडं बघत नव्हते. खांबाकडं बघत होते. खांबापाशी आई नव्हती.

घरी गेलो तर ती ज्वारी निवडत होती. मी म्हनलो, "आई, कशी झाली?" मला खरंच ऐकायचं होतं.

तिनं सूप खाली ठेवलं न्हाई. "तेरा वर्षं ती ताटली माझ्या कानात वाजली. एक साल तर ताप होता अंगात, तरी वाजली. मानूस आता कुठं ती ताटली पालथी घालायला बसलता," ती म्हनली. "आन् तू ती उचलून टाळ्या घेतल्या."

"मंग तू मला तसं कावून उठवायचीस?"

"मला दुसरं उठवायला येत नव्हतं बाळा."

मी खाली बसून तिच्या सुपातले खडे वेचायला लागलो. 

दुसऱ्या दिवशी नानांनी भिंतीवरून हाक मारली. मला वाटलं आता खातो शिव्या. चूळ भरायला पानी दिलं, नेहमीसारखं. मंग म्हनले, "ठोके बरोबर होते. तीन बारके, एक मोठा. तू तर फडावर कधी आला न्हाईस. तुला कोनी सांगितलं?"

"आईनं."

नाना आत गेले. बाहेर आले तवा हातात ताटली होती. जर्मनची, मधून ठोकून ठोकून खड्डा पडलेली. खड्ड्यात मीठ ठेवलेलं. मिठाला एवढी चांगली जागा कुठं मिळनार, असं काहीतरी मी बोललो असतो एरवी.

"सुभद्राबाईला अजून ध्यानात हाय म्हन की," ते म्हनले. बस, एवढंच. आईकडं येऊन त्यांनी माफी मागितली न्हाई. मला वाटतं मागायची कशी ते त्यांना येत नव्हतं. त्यांना पापड करायला येत होते, ते करत होते.

छत मिळालं न्हाई तरी नाना थांबले न्हाईत. आपल्याच पत्र्यावर, थोडं थोडं करून, आठ बायांना पंधरा दिवस पुरंल एवढं केलं. फेट्याच्या आठ पुरचुंड्या बांधल्या. टोळी निघायच्या दिवशी सकाळी ट्रक शाळेपाशी उभा. भांडी, गाद्या, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढत होतं. मी सामान वर द्यायला गेलतो. नाना पुरचुंड्या घेऊन आले आन् ट्रकच्या फाळक्यापाशी उभे राहिले, हात वर करून.

वरनं एका बाईनं ताट वाजवलं. टिन टिन टिन टण्ण. "उठा गं बायांनो!" दुसरीनं जोडलं, "दात भिजवा!" अख्खा ट्रक हसला. त्यात वाईट काही नव्हतं. चार महिने हसू मिळनार नव्हतं, जाताना हसून घेत होत्या. नवा मुकादम केबिनमधनं वाकून म्हनला, "नाना, दात शाबूत राहू द्या आमचे, ऊस सोलायचाय."

मुक्तानं हात पुढं केलता. मी बघितलं. अर्धा पुढं आलता. मंग तिनं आजूबाजूला बघितलं आन् हात पदरात घेतला. "राहू द्या नाना," ती म्हनली. "दिसभर चिडवतील."

नाना हसले. हेच मला सहन होत न्हाई. ते सगळ्यांबरोबर हसले, मिशा हलवत. ट्रक गेला. धूळ खाली बसली तरी ते तिथंच, आठ पुरचुंड्या दोन हातांत. मी म्हनलो, "नाना, द्या, मी धरतो." त्यांनी दिल्या. एवढंच म्हनले, "जपून. कडा मोडतात."

महिन्याभरानं मी त्या पुरचुंड्या घेऊन निघालो. आईनं भाड्याची सोय केली. दोन यष्ट्या बदलल्या, पुढं उसाच्या ट्रॅक्टरवर बसून टोळीच्या कोप्यांपाशी, म्हनजे पाचटाच्या झोपड्यांपाशी पोचलो तवा दिवस कलला होता. बाया फडावरनं यायला लागलत्या. डोक्यावर वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, हात कापलेले, चेहऱ्यावर पाचटाचा भुसा.

मी ठरवून गेलतो की नीट बोलायचं. सगळ्या बसल्यावर उभा राहिलो आन् सुरू केलं. "बायांनो, हे नानांनी केलंय. ह्याला चूल लागत न्हाई..." आन् त्या हसायला लागल्या. मला कळंना कावून. मी आनखी गंभीर झालो, त्या आनखी हसल्या. एक जनी पोट धरून म्हनली, "हुबेहूब नाना!" तवा ध्यानात आलं. आवाज नानाचाच निघत होता. हात मागं बांधलेले, मान तशीच. त्या पापडाबद्दल बोलायला माझ्याकडं नानाचेच शब्द होते, आन् नानाचे शब्द माझ्या तोंडातनं आले की त्यांची फक्त नक्कल व्हायची. मी आवाज बदलून बघितला. माझा असा आवाज सापडंना.

शेवटी मुक्तानं एक पापड उचलला. तोडून तोंडात टाकला, चावला, बराच वेळ.

"मीठ कमी हाय," ती म्हनली.

"आँ?"

"मीठ कमी हाय. नाना घरी सावलीत बसून चव बघतोय. दिसभर घाम गाळनाऱ्याला एवढ्यानं भागत न्हाई. सांग त्याला."

बस एवढंच बोलली. राहिलेलं खानं कोप्यांच्या मधी तसंच पडलं. सकाळी मला जाग आली तवा भाकरी होऊन बाया फडात गेलत्या. चुलींचे दगड अजून गरम होते. मी हात लावून बघितला, एकेका चुलीला. आठच्या आठ. बैलांपुढं वाढं टाकलेलं, त्यात फेट्याचं एक फडकं आन् पापडाचे तुकडे. बैल खात होते. त्यांना मीठ पुरत होतं.

टोळी वापस यायच्या आतच नाना वारले. म्हनून मी वापस आल्यावर त्यांना भेटलो तेच माझ्या ध्यानात शेवटचं राहिलं. तसे त्यानंतर भिंतीवरून दिसायचे, खोकायचे, पन मी भिंतीकडं जायचं टाळायचो.

त्या दिवशी यष्टीतनं उतरून सरळ त्यांच्याकडं गेलो. नाना पडवीत सिलेंडरवर बसलते. बारीक झालते, सदरा लोंबत होता. त्यांनी आधी गडवा पुढं केला. मी चूळ भरली, कडीपत्त्यात टाकली.

"खाल्लं का?"

"खाल्लं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

नानांनी मनगटावरचं घड्याळ फिरवलं. ते आता सैल झालतं. "सकाळी चूल पेटली होती का बे?"

मी अख्ख्या गावाचे आवाज काढतो. त्या वक्ताला मी माझ्याच आवाजात बोललो, नीट, शांत, डोळ्याला डोळा देऊन. "न्हाई पेटली नाना. उजाडस्तर झोपल्या होत्या."

नाना माझ्याकडं बघत राहिले. बावीस वर्षं मुकादम होता मानूस. कोनाच्या अंगात खरा ताप हाय आन् कोनाच्या न्हाई हे कोपीबाहेर उभं राहून सांगायचा.

"मुक्ता काय म्हनली?"

"मीठ कमी हाय म्हनली. घाम गाळनाऱ्याला एवढ्यानं भागत न्हाई म्हनली. तुमी सावलीत बसून चव बघता म्हनली."

"हे खरं हाय?"

"आईशपथ नाना. हे खरं हाय."

"मंग बस झालं," नाना म्हनले.

सिलेंडरला हात टेकून उठले. आत जाऊन वाटलेल्या जवसाचं पातेलं आनलं आन् बाहेर भर उन्हात, पत्र्याला टेकून, टोपी काढून उभे राहिले. कपाळावर घाम यायची वाट बघत.  घाम आला तवा त्यांनी खड्ड्याच्या ताटलीतनं चिमूटभर मीठ घेतलं, पातेल्यात टाकलं, ढवळलं, बोटावर घेतलं आन् डोळे मिटून चाखलं. मंग आनखी एक चिमूट घेतली.